वाढत्या अंगाच्या जर्स्या

मी भोरमध्ये ब्लाउज शिवतो, त्यामुळे मुलींच्या फुटबॉल संघाच्या जर्स्याही मीच शिवाव्यात हे उघडच होतं. निदान मला तरी.

आमची लेक नाझिया तेरा वर्षांखालच्या विकास संघात होती. काही मुली वेल्ह्याहून एसटीनं यायच्या, बाकीच्या भोर-उत्रोलीच्या. पुण्याचा एक तालेवार संघ सामना खेळायला येणार होता आणि जिल्हा संघासाठी मुली हेरायला एक साहेबही. प्रशिक्षक निकम मॅडम तयार जर्स्या मागवणार होत्या. मी म्हटलं, "घरचा टेलर असताना बाहेरून कशाला?" मॅडमना नाही म्हणता येईना. (त्यांचे दोन ब्लाउज तेव्हा माझ्याकडे अडकले होते.)

मापं घ्यायला बसलो, तर मुलींसोबत आयाही आल्या. गोलकीपर प्राचीची आई म्हणाली, "रशीदभाई, वाढतं अंग हाय. जरा सैलच ठिवा."

"किती सैल?"

"ही मोटी झाल्यावर बी हिला व्हायला पायजे, आन मंग धाकटीला बी."

हे गणित मला चक्क पटलं. संघाच्या नावातच विकास होता. तो होईल या भरवशावर मी कापड कापलं. माझी बायको रझिया एक जर्सी उभी धरून म्हणाली, "पोरींनी खेळायचंय. आत संसार न्हाई मांडायचा."

"तुला फुटबॉलमधलं काय कळतंय," मी म्हणालो. मला तरी कुठं कळत होतं, पण टेप माझ्या गळ्यात होती.

सामन्याच्या दिवशी आमचा संघ मैदानात उतरला तेव्हा पुण्याच्या मुलींना वाटलं, आम्ही झगे घालून आलोय. पंचांनी शिट्टी वाजवायच्या आधीच मॅडमना बोलावलं. "जर्स्या आत खोचायला सांगा. पोरी पाय अडकून पडतील." सगळ्यांनी गुडघ्यापर्यंतचं कापड चड्डीत कोंबलं. अकरा मुली, अकरा पोटं. साहेबांनी चष्मा पुसला.

थोड्या वेळानं पुण्याच्या एका मुलीनं उंच फटका मारला. प्राचीनं उडी मारून चेंडू छातीशी धरला. अगदी झकास. पण माझा हात ब्लाउजचा, गळा प्रशस्त ठेवलेला. चेंडू गळ्यातून आत गेला, खाली खोचलेलं असल्यानं पोटाशी जाऊन बसला.

प्राचीनं हात उघडले. हात रिकामे. ती घाबरून मागं वळली, चेंडू जाळीत गेला की काय ते बघायला चार पावलं आत गेली. नाझिया ओरडत होती, "प्राची, मागं फिर. तुझ्याच पोटात हाय." प्राची थांबली तोवर तिनं रेषा ओलांडली होती. पंचांनी गोल दिला. प्राची रडायला लागली आणि मला माझ्या दोन्ही हातांचं काय करावं कळेना.

मध्यंतरात रझियानं पिशवीतून रबरबँड काढले आणि एकेका मुलीच्या बाह्या, पाठ, कंबर बांधून टाकली. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. त्यानंतर पोरी सुटल्या. नाझियानं शेवटी शेवटी गोल केला आणि सामना बरोबरीत सुटला.

साहेबांनी दोघी निवडल्या, नाझिया आणि प्राची. मी धीर करून विचारलं, "प्राचीचं काय आवडलं, साहेब?"

"चेंडू सोडला नाही पोरीनं," ते गंभीरपणे म्हणाले. "आणि हे कपडे घालून खेळणारी पोर कुठंही खेळेल."

पुढं जिल्हा संघाची तयार जर्सी आली. नाझियाला खांद्यात थोडी मोठी होती. ती दुकानात आली, मशीनवर बसली, दोरा ओवला आणि मला म्हणाली, "अब्बा, तुमी जरा च्या पिऊन या."