ओहोटीची वेळ

खाडीकाठच्या छोट्या बागेत मी बोटीत बसायला गेले होते, पण ओहोटीमुळे बोटी बंद होत्या. मी उभी होते त्या धक्क्याखाली उघड्या पडलेल्या खडकांवर एक कोळीण कालवांचे शिंपले फोडत बसली होती. पाणी परत येईपर्यंत डबा भरला, तरच दिवस पदरात पडणार.

वरून रखवालदाराने शिट्टी मारली. "मावशी, वर या. आता इथे बाग झालीय. साहेब मला ओरडतात."

"त्यांना खाली पाठव. ही कालवं माझ्या सासूच्याही आधीची आहेत, त्यांची ओळख करून देते," ती मान वर न करता म्हणाली. कोयती चालूच होती.

शाळेपासून शिट्टी ऐकली की माझे पाय आपोआप रांगेत जातात. कुणी नुसतं पाहिलं तरी मी जागा सोडते आणि त्याला चांगलं वळण म्हणते. पण आपण उठलो, की जागा उठवणाऱ्याची होते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

"मॅडम, निदान तुम्ही तरी मागे व्हा," रखवालदार म्हणाला.

मी धक्क्याच्या पायऱ्या उतरले आणि तिच्या शेजारच्या ओल्या खडकावर जाऊन बसले.