गाठ मी सोडीन

"गाठ कुणी सोडायची न्हाई! गाठ मी सोडीन!"

असं ओरडत आमचे डॉक्टरसाहेब दोन्ही हात वर करून व्हरांड्यातून धावत यायचे. समोर बैलगाडीत पोट फाटलेला माणूस असायचा आणि त्याच्या पोटाला त्याचंच पागोटं करकचून बांधलेलं असायचं.

निजामाच्या काळातला हिंगोलीचा सरकारी दवाखाना. मी तिथं कंपाउंडर होतो. पुड्या बांधायच्या आणि ऑपरेशनच्या वेळी क्लोरोफॉर्म द्यायचा, ही माझी कामं. आमचा मुलूख शांत होता असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर तो माणूस आमच्या व्हरांड्यात कधी बसलेला नाही. बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, कुणाची बैलं कुणाच्या ज्वारीत शिरली यावरून कुऱ्हाडी निघत. कुऱ्हाड हाताशी नसली तर विळा.

साहेब हैदराबादेत शिकलेले. अंगानं लठ्ठ, स्वभावानं तापट, गालात पान आणि डोक्यावर पांढरा साफा. पोटातली मोठी रक्तवाहिनी तुटली की माणूस बहुधा वाटेतच जायचा. पोचायचे ते पागोट्याच्या जोरावर. साहेब पोट उघडायचे आणि रक्त कुठून येतंय ते न शोधता आधी मूठ बरगड्यांखाली आत घालून मुख्य धमनी पाठीच्या कण्यावर दाबून धरायचे. मग चिमटा, मग रेशमाची गाठ. पहिल्या खेपेला मी घाबरून म्हणालो, "साहेब, रक्त पुसून घेऊ का?"

"नहर फुटल्यावर चिखल उपसत बसता का तुमी? आधी वरून पाणी अडवा. मग फुटलं कुठं ते बघा!"

एवढं करूनही बरेच जण मरायचे. मग साहेब माझ्या क्लोरोफॉर्मला शिव्या द्यायचे आणि जरा वेळानं स्वतःच्या हातानं पान लावून मला द्यायचे. मी शिव्यांसकट खायचो.

एकदा कुरुंद्याहून एका तरण्याबांड गड्याला आणलं. चुलतभावांनी बर्ची खुपसली होती, पण पागोटं घट्ट होतं आणि गडी बोलत होता. साहेब आत हात धूत होते, मी टेबल मांडत होतो. बाहेर त्याच्या सख्ख्या भावानं पाहिलं, की चार गावची माणसं बघून राहिलीत आणि आपला भाऊ उघड्या डोक्यानं पडलाय. आमच्याकडे उघडं डोकं म्हणजे घरात मयत. त्यानं भावाच्या पोटावरचं पागोटं सोडलं आणि त्याच्या डोक्याला बांधायला घेतलं. दोन वेढे झाले नसतील, तोवर रक्त गाडीच्या फळ्यांतून खाली गळायला लागलं. साहेब ओल्या हातांनी बाहेर आले तेव्हा सगळं संपलं होतं.

भावाला मारायला त्यांनी हात उगारला. "काहून सोडलंस रे?"

"सायेब, त्याचं डोकं उघडं व्हतं."

साहेबांचा हात तसाच खाली आला. त्या दिवशी मला शिव्या मिळाल्या नाहीत आणि पानही मिळालं नाही.

पुढं जवळा बाजार या गावी मेंढा कुणाचा यावरून सुऱ्या निघाल्या आणि एक धनगर आमच्याकडे आला. बायको गाडीत त्याच्या उशाशी होती. "माझा मालक जित्ता हाय, मग डोकं उघडं काहून?" म्हणत तिनं गाठीला हात घातलाच. साहेबांनी डोक्यावरचा साफा बांधलेला तसाच उचलला आणि धनगराच्या डोक्यावर बसवला.

"झालं बाई? झाकलं का डोकं? आता गाठ मी सोडीन."

तिनं हात मागं घेतला. आमच्या साहेबांना एवढं मोठं टक्कल आहे, हे मला तेव्हा कळलं. पुढं टेबलाशी त्या टकलावर घाम चमकत होता आणि हात कोपरापर्यंत धनगराच्या पोटात होता. धनगर जगला. तेव्हापासून तो साफा येणाऱ्या प्रत्येक जखमीच्या डोक्यावर चढायचा. साफ्याला जात विचारायची सोय नव्हती, आणि साहेबांना तर नव्हतीच नव्हती.

मग निजामी राजवटीचं ते शेवटचं वर्ष आलं. गावं जळायला लागली. आज या बाजूची माणसं फाटून यायची, उद्या त्या बाजूची. एका सकाळी साहेब टांग्यानं एका गावी जखमी बघायला गेले. परतताना टोळीनं टांगा अडवला. "कुणाला टाके घालून आलास?" असं विचारलं, तर आमचे तापट साहेब म्हणाले, "तुमच्यासारख्यानं फाडलेल्याला." टांगेवाल्यानं रडत रडत हे आम्हाला सांगितलं.

दुपारी टांगा आवारात शिरला तेव्हा मला आधी साहेबांचं उघडं डोकं दिसलं. साफा पोटाला बांधलेला होता, आणि तो पांढरा राहिला नव्हता. गाठ त्यांनी स्वतःच मारली होती.

"कंपाउंडरसाब, घट्ट हाय का बघा."

"हाय साहेब. कुणी केलं हे?"

"ते पोलिसाला विचारा. मला गाठीचं सांगा."

गाठ बराबर होती. सोडणारा नव्हता. नांदेडची वाट बंद, गाड्या बंद. मी वेड्यासारखा क्लोरोफॉर्मची बाटली घेऊन उभा राहिलो. "ठेवा ती," साहेब म्हणाले, "कापणार कोण?" ते हसायला गेले, पण पोटात कळ आली. मला रडू आवरेना. इतकी वर्षं त्या मुठीजवळ उभा राहून मी फक्त बघायला शिकलो होतो.

गाव जळाल्यामुळं तो धनगर बायकोसकट आवारात आसऱ्याला होता. तो पुढं आला. स्वतःचं पागोटं उतरवून त्यानं साहेबांच्या डोक्याला नीट बांधलं. साहेबांनी हातानं चाचपून पाहिलं. "आता बराबर," म्हणाले. दिवस मावळायच्या आत ते गेले.

आंघोळ घालताना कुणीतरी पोटावरच्या गाठीला हात लावला. धनगरानं त्याचं मनगट धरलं.

"गाठ सायेब सोडत्यात. दुसऱ्यानं न्हाई."

आम्ही गाठीच्या आजूबाजूनंच पाणी घातलं आणि साहेबांना तसंच उचललं. पोटाला त्यांचा साफा होता, डोक्याला धनगराचं पागोटं होतं, आणि खांदा द्यायला पुढं झालेला धनगर उघड्या डोक्यानं चालला होता.