अण्णांचा कॉम्प्युटर आणि संत्याचे अपडेट

आमच्या ऑफिसात माणसं तीन, किस्से तीस माणसांचे. कामच तसं आहे. शाळांचे म्हातारे कॉम्प्युटर आणायचे, त्यांवर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स टाकायचं आणि परत चालते करून द्यायचे. चिंचपोकळीच्या एका गाळ्यात मी, संत्या आणि डेन्झिल अंकल. लिनक्सचे प्रकार ढीगभर. काही स्थिर, म्हणजे जुने पण न बिघडणारे. काही एकदम ताजे, रोज नवीन काहीतरी येतं आणि रोज काहीतरी मोडतं. अंकल पहिल्या पार्टीचे, संत्या दुसरीचा. मी डबा उघडणाऱ्या पार्टीतली.

* * *

अंकल माझगावचे, डॉकयार्डातून रिटायर झालेले. त्यांच्या कॉम्प्युटरवर कागद चिकटवलाय, ‘चालू आहे. हात लावू नये.’

एकदा एका कस्टमरने विचारलं, “अंकल, यात लेटेस्ट काय आहे?”

“धूळ,” अंकल म्हणाले आणि फडकं शोधायला लागले.

* * *

संत्या चहाच्या आधी अपडेट मारतो. परळच्या एका शाळेत डेमो होता. दारात पोचल्यावर याला नवा अपडेट दिसला, हात शिवशिवले. स्क्रीन काळी झाली ती झालीच.

मुख्याध्यापिका बाईंनी पाच मिनिटं वाट पाहिली. “मुलांना यावर काय शिकवायचं?”

“संयम, मॅडम.”

ऑर्डर मिळाली, पण अंकलच्या लिनक्सची.

* * *

संत्याचे वडील, अण्णा, लालबागला चाळीत एकटे राहतात. गिरणीत होते, आता डोळ्यांनी दिसत नाही. संत्याने त्यांना पेपर वाचून दाखवणारा कॉम्प्युटर लावून दिला. तोही ताज्या लिनक्सचा, कारण म्हणे त्यात मराठी आवाज जास्त गोड. आठवड्यातून एकदा तो गोड आवाज बसायचा. अण्णांचा फोन यायचा, “आवाज खय गेलो रे?” की संत्या जेवणाच्या सुट्टीत लालबागला पळायचा.

एकदा दुरुस्तीनंतर कॉम्प्युटर बाईच्या आवाजात बोलायला लागला. संत्या बदलायला गेला, तर अण्णा म्हणाले, “रवांदे. घरात बाईमाणूस इलां.”

* * *

शेवटी अंकल भडकले. “बापावर कसले प्रयोग करतोस रे? पेपर बंद म्हणजे त्यांचा दिवस बंद.”

संत्याला ते लागलं. त्याने मुकाट्याने अण्णांकडे अंकलचं स्थिर लिनक्स टाकलं. आवाज जरा खरखरीत, पण बंद पडेना. दोन महिने झाले, फोन नाही.

“बघ,” अंकल म्हणाले, “एकदा तरी जावं लागलं?”

“नाही ना,” संत्या म्हणाला. “एकदाही नाही.”

* * *

मागच्या मंगळवारी फोन आला. “आवाज गेलो. कधी येतलंस?”

अंकलचा विश्वासच बसेना. “इम्पॉसिबल” म्हणत तेही निघाले, त्यांच्या मागे मी. अण्णा खुर्चीत, धुतलेला सदरा घालून. ओट्यावर पोह्यांच्या दोन बशा, वर ताटल्या झाकलेल्या. संत्या स्क्रीनला नाक लावून बसला. सगळं ठीक दिसत होतं.

अंकल टेबलामागे वाकले, मीही डोकावले. स्पीकरची वायर काढलेली होती. नीट गुंडाळून, वर रबरबँड लावलेला.

अंकलनी एकदा अण्णांकडे पाहिलं, रबरबँड खिशात टाकला आणि वायर जोडली. खरखरीत आवाजात बातम्या सुरू झाल्या.

“काय झालं होतं?” संत्याने विचारलं.

अंकल गुडघे झटकत उठले. “मोठा फॉल्ट आहे. दर आठवड्याला येऊन बघावं लागेल तुला.”