चुन्याचे काम येणारे दोन गवंडी हवेत

मित्रहो,

आमच्या पेठेतल्या जुन्या मराठी शाळेच्या जतनासाठी शासनाचा निधी अखेर मंजूर झाला आहे. त्यासाठीचे सगळे अर्ज मीच लिहिले होते, म्हणून आज सकाळच्या पाहणीला मुद्दाम हजर राहिलो.

अंदाजपत्रकात भिंतींना सिमेंटचा गिलावा धरलेला होता. मी अभियंत्यांना म्हटले, "भिंतींच्या जांभ्या दगडातली ओल बाहेर पडावी लागते. सिमेंट ती आत कोंडते आणि दगडाचा भुगा होतो. म्हणजे ज्या भिंती वाचवायच्या, त्याच या निधीने जातील."

ते म्हणाले, "सर, मला पटतंय. पण चुन्याच्या गिलाव्याचा दर आमच्या दरसूचीत नाही. महिनाअखेरपर्यंत तीन गवंड्यांची दरपत्रकं आणा, मी प्रस्ताव पाठवतो."

चुना मळणारे आमच्याकडे आता एकटे दाजी गवंडी उरले आहेत. ते शेजारीच उभे होते. म्हणाले, "सायेब, माज्या जोडीचे दोघंव वर गेले. त्यांचा दर आनायला आता मी पन वर जाऊ काय?"

सगळे हसले. मला हसू आले नाही. पहिलीत असताना भर उन्हाळ्यात मी त्या भिंतीला गाल टेकवून बसत असे. तो गारवा मला अजून एकदा हवा आहे. हा युक्तिवाद नव्हे, हे मी जाणतो. म्हणूनच तो कोणत्याही अर्जात लिहिला नाही.

देवरूख, गुहागर किंवा आडबाजूच्या एखाद्या वाडीत असे आणखी दोन गवंडी कोणाच्या माहितीत आहेत का? वय कितीही असू द्या. त्यांच्या दारापर्यंत मी स्वतः येईन.