सोड्यातलं डिझेल

"ह्याच्या सोड्यात डिझेल हाय! पिऊ नका रे कुणी, पेटून मराल!"

माझ्याच दुकानासमोर, माझीच बाटली डोक्यावर धरून एक वेल्डर ओरडत होता. सातपूरच्या कारखान्यांची पहिली पाळी नुकतीच सुटलेली. रस्त्यावर सायकली, फटफट्या, बसची रांग. सगळ्यांनी एकदम माना वळवल्या. मी म्हटलं, बाबा, तुझ्याच हाताला वास असेल, आत्ताच कारखान्यातून आलायस. त्यानं बाटली सरळ माझ्या नाकाखाली धरली. मी हुंगली. वास बाटलीतूनच येत होता.

माझा सोडा काय चीज होती ते आधी सांगायला हवं, नाहीतर नुकसान किती झालं ते कळायचं नाही. सत्तरचं दशक सरत आलं होतं. वसाहतीच्या कडेला, रस्त्यालगत माझा गोळीसोड्याचा कारखाना. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, गॅसचं एक नळकांडं आणि वडिलांच्या वेळची विहीर. पण अंगठ्यानं गोळी आत ढकलली की असा आवाज निघायचा की त्र्यंबक रस्त्यावरच्या गोठ्यांतल्या म्हशी पान्हा सोडायच्या. हे मला गवळ्यांनी सांगितलं. गवळी खोटं बोलतात, पण दुधाच्या बाबतीत. सोड्याच्या बाबतीत ते कशाला बोलतील? आणि सगळी करामत विहिरीच्या पाण्याची. एका साहेबानं घरच्या चहाला ते पाणी नेलं तर त्याला साखर घालावी लागली नाही. विहीर होती म्हणून मी होतो. विहिरीचं पाणी गेलं की माझ्याकडे उरणार काय, तर रिकाम्या बाटल्या आणि गोळ्या.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गोष्ट पाय फुटून गावभर गेली. कुणी सांगे, माझा सोडा प्यायलेल्या माणसानं ढेकर दिली आणि समोरच्याची बिडी पेटली. मीही ही गोष्ट पुढं सांगितलेली आहे, माझ्याच विरुद्ध असली तरी. चांगली गोष्ट वाया घालवणं मला जमत नाही.

विहिरीत डोकावलो. उन्हाळ्यानं पाणी तळाला गेलेलं, आणि त्यावर मोराच्या पिसासारखा रंगीत तवंग. एरवी पाणी ओढायच्या पाइपाचं तोंड खोल पाण्यात बुडलेलं असायचं. आता पाणीच इतकं उतरलं होतं की ते तवंगासकट ओढत होतं.

पहिल्यांदा धावत आला तो माझा शेजारी, ट्रकवाला. मूळचा सायखेड्याचा, पाच ट्रकांचा मालक, कांदे वाहून नेणारा. आमची दोस्ती अशी की एकाला ताप आला तर दुसरा औषधाची गोळी घ्यायचा. त्याच्या अंगणात ट्रकांसाठी जमिनीखाली डिझेलची टाकी पुरलेली होती, वर हातानं फिरवायचा पंप आणि पंपावर पत्र्याची खोली. रोज सकाळी तो टाकीत लांब गज सोडायचा, गज कुठवर ओला झाला ते बोटं लावून मोजायचा आणि मगच आंघोळीला जायचा. देव नंतर, टाकी आधी.

त्यानं विहिरीत पाहिलं, मग विहिरीच्या काठावरच्या माझ्या इंजिनाकडं पाहिलं. पाणी उपसायचं ते डिझेल इंजिन; वडिलांनी घेतलेलं, माझ्याहून वयानं मोठं. ते टिपकायचं हे खरं. मीही डिझेल ओतताना अर्धं नरसाळ्यात आणि अर्धं जमिनीवर ओतायचो, हेही खरं. तो वाकला, इंजिनाखालची काळी माती चिमटीत घेऊन हुंगली आणि म्हणाला, "गड्या, चोर तुझ्या घरातच हाय."

मला ते शंभर टक्के पटलं. पटायला मी तयारच होतो, कारण एवढी वर्षं मी सांडत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या वेळी मी बसथांब्यावर उभा राहिलो आणि हात जोडून सगळ्यांची माफी मागितली. माझं इंजिन, माझा आळस, माझी चूक. ज्या माणसानं आयुष्यात बायकोसमोरसुद्धा चूक कबूल केली नव्हती त्यानं दोनशे कामगारांसमोर केली. ट्रकवाला माझ्या शेजारी उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते, असं मी नंतर सहा महिने लोकांना सांगत होतो.

मग आम्ही खणलं. इंजिन उचलून भंगारात घातलं. ते छकड्यावर चढताना मी तोंड फिरवलं, कारण ते माझ्याकडं बघतंय असं मला वाटलं. खालचा ओटा फोडला. काळी माती खणता खणता मुरूम लागला, मुरुमातही वास होता, म्हणून मुरूमही काढला. मी सांगताना तो खड्डा पुरुषभर खोल सांगतो. खरं म्हणजे कमरेएवढा होता. तीन दिवस ट्रकवाला माझ्याबरोबर फावडं मारत होता. फोड आले, त्यावर हळद लावून परत मारत होता. माती न्यायला स्वतःचा ट्रक दिला, जुन्या दगडाच्या खाणीत नेऊन टाकली. माझी बायको त्याला दुपारी पिठलं-भाकरी वाढायची, आणि पहिली भाकरी त्याला, दुसरी मला. मी म्हणायचो, सख्खा भाऊ असता तर विहिरीत हिस्सा मागितला असता. हा बघा, माती उचलतोय.

इंजिन गेलेलं, म्हणून बादल्यांनी विहीर उपसली. भाताचा पेंढा आणि गोणपाट पाण्यावर पसरून तवंग टिपला, कडा घासल्या. चार दिवस पाणी आरशासारखं. पाचव्या दिवशी तवंग परत.

परत टिपला. परत आला. पावसाळ्यात विहीर भरली तर तवंगही पाण्याबरोबर वर चढत आला. मी म्हणायचो, अजून माती राहिली असेल. तो म्हणायचा, "ऱ्हायली आसंल. जरा अजून खण." आणि मी खणायचो. माझ्या अंगणात तेव्हा इतके खड्डे होते की कोंबड्या फिरायला घाबरायच्या.

खंडेनवमी आली. त्या दिवशी सातपुरात यंत्रं बंद आणि पूजा चालू. लेथला झेंडू, ड्रिलला झेंडू, पान्ह्यांना हळदकुंकू. ट्रकवाल्याकडंही पाचही ट्रक धुऊन उभे, पंपाला हार. पंपाची खोली एरवी कुलपात. उघडली तरी दार आतल्या भिंतीला चिकटून राहायचं. पण पूजेच्या दिवशी दाराला तोरण हवंच, आणि उंच माणूस मी. त्यानंच मला बोलावलं. "तुझा हात पोचतो," म्हणाला आणि नारळ आणायला घरात गेला.

मी खोलीत शिरून पिंपावर चढलो आणि तोरण बांधायला दार ओढून घेतलं. आतल्या बाजूच्या पत्र्यावर खिळ्यानं ओरखडून लिहिलेलं होतं. दोन रांगा. एकीवर शनिवार संध्याकाळ, दुसरीवर सोमवार सकाळ. रविवारी ट्रक उभे, पंपाला कुलूप, तरी सोमवारी टाकी दोन बोटं खाली. पुढच्या आठवड्यात दोन. मग तीन. पहिल्या ओळीवर लिहिलं होतं, संक्रांत. वेल्डर माझ्या नावानं ओरडला तो चैत्रात. आणि मधे एका ओळीपुढं, त्याच्या त्या वाकड्या अक्षरात, दोनच शब्द: गळती वाढली.

खडूनं लिहिलं असतं तर पूजेसाठी धुताना पुसलं गेलं असतं. पत्र्यावर कोरलेलं त्याला पुसता आलं नाही, आणि देवीसमोर दार बंद ठेवणं त्याच्यानं झालं नाही.

मी तोरण बांधलं. दोन्ही गाठी नीट मारल्या. खाली उतरलो, प्रसाद घेतला, खाल्ला.  ट्रकवाल्यानं दोनदा विचारलं, आज बडबड नाही, दात दुखतो का?

घरी आलो आणि बायकोला सांगितलं. ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं की पहिली भाकरी कुणाला वाढत होते मी.

दसरा झाला. तिसऱ्या दिवशी मी त्याच वेल्डरला, ज्यानं माझी अब्रू घालवली होती त्यालाच, चारपाच जणांसकट घेऊन ट्रकवाल्याच्या अंगणात गेलो. फावडी आमची. तो दारात उभा होता. आम्हाला बघून बाजूला झाला. आम्ही टाकी मोकळी केली. तीन बांबूंची तिकाटी लावून, चेनब्लॉकच्या साखळीनं ती वर ओढली. खालची कड गंजून चाळणीसारखी झालेली, काडेपेटीची काडी जाईल अशी भोकं. खालची माती मी मुठीत दाबली तर बोटांतून डिझेल गळलं. हे मी वाढवून सांगत नाही. बाकीचं थोडं वाढवलं असेल.

ती माती त्याच्याच अंगणात पातळ पसरली आणि दोन उन्हाळे कुळव फिरवून उलटीपालटी केली, तेव्हा तिचा वास गेला. विहीर त्यानंतरही वर्षभर उपसत होतो. शेवटी पाणी स्वच्छ झालं, पण तोवर पाळी सुटल्यावर लोक माझ्या दुकानासमोरून नाकाला हात लावून जायला शिकले होते. ती सवय पाण्यासारखी उपसता येत नाही. मग मी बाटल्या विकल्या.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी टाकी वर आली, माणसं चहाला गेली, आणि खड्ड्याच्या काठावर आम्ही दोघंच राहिलो. मी भांडायचं ठरवून आलो होतो. चांगल्या चांगल्या शिव्या जमवल्या होत्या, येवल्याच्या बाजारातल्यासुद्धा. पण मी एवढंच विचारलं की तीन दिवस माझ्याशेजारी उभा राहून फावडं मारलंस, माझ्या घरात जेवलास, तेव्हा एकदाही सांगावंसं वाटलं नाही का?

त्यानं खड्ड्यात पाहिलं. मग बाह्या खाली केल्या.

"वाटलं. पण तवर तू खणाया लागला व्हता."