चौकीच्या पायरीवर बसलेल्या नर्सबाई

यमुनाबाई साळवे यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी तापाने फणफणलो होतो. टेंभुर्णीपलीकडच्या आमच्या गावात मी शाळामास्तर म्हणून नुकताच रुजू झालो होतो. दवाखान्यात बाई एकट्याच होत्या. त्यांनी इंजेक्शन दिले आणि दटावले, "मास्तर, औषध मी देईन. पण पाणी उकळून पिणं तुमचं तुम्हालाच जमवावं लागंन." त्या दिवसापासून आजवर मी त्यांचे ऐकत आलो आहे. यंदा बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने या गौरवग्रंथासाठी लिहा, असे मंडळींनी सुचवले. लिहिताना आनंद आहे, पण हातात पूर्वीचा उत्साह नाही, हेही सांगितले पाहिजे.

बाईंनी आमच्या भागातली किती बाळंतपणे केली, याची गणती त्यांनाही नाही. रामराव हे गावातले मोठे जमीनदार. त्यांच्या सुनेची सुटका अडली, तेव्हा बाईंना बोलावणे गेले. बाईंसाठी चहा आला तो ओसरीत वेगळ्या ठेवलेल्या कपात. बाईंनी कप तसाच राहू दिला, आत गेल्या आणि आई-मूल दोघांनाही वाचवून बाहेर आल्या. त्या कपाविषयी त्या कधीही बोलल्या नाहीत. मला ते रामरावांच्या सुनेनेच पुढे सांगितले.

बांगलादेशच्या युद्धाच्या हिवाळ्यात गाव रेडिओभोवती गोळा होत असे. बाईंचा एकुलता एक मुलगा मिलिंद सरहद्दीवर होता. अशा दिवसांत रामरावांच्या गड्यांना सडकेवरच्या पुलाखाली एक दाढीवाला अनोळखी माणूस सापडला. त्याची भाषा कुणाला कळेना. शत्रूचा हेर म्हणून त्याला चौकीत दिले गेले आणि गड्यांना हार घातले गेले.

दुसऱ्या दिवशी फौजदारांनी बाईंना बोलावून घेतले. माणूस बोलण्याच्या अवस्थेत राहिला नव्हता, त्याला जरा सावरायचे होते. बाई आत गेल्या. बाहेर आल्या त्या सरळ चौकीच्या पायरीवर बसल्या.

"काय झालं बाई?" फौजदारांनी विचारले.

"साहेब, मी मलम लावायचं अन् तुम्ही पुन्हा मारायचं, हे माझ्यानं व्हायचं न्हाई. त्याला जालन्याच्या दवाखान्यात न्या. तोवर मी इथून उठत न्हाई."

बाजाराचा दिवस होता. माणसे जमली. आत काय पाहिले, ते बाईंनी सर्वांसमोर सांगितले. तळपाय सुजून फाटलेत, उजव्या हाताच्या बोटांना नखे उरलेली नाहीत. आवाज चढवला नाही. दवाखान्यात रोग्याच्या नातेवाइकांना सांगावे, तसे सांगितले. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. आमच्या शाळेतले आणखी एक शिक्षक आले, कापडाच्या दुकानाचे मालक आले.

रामराव पुढे झाले. "बाई, तुमचा पोरगा तिकडं लढून राह्यला अन् तुम्ही दुश्मनाची बाजू घेता?"

उद्या मिलिंदच शत्रूच्या हाती लागला तर, असे काहीसे मी बोलू लागलो. बाईंनी मला अडवले.

"मास्तर, मिलिंदला मधी आणू नका. मला पोरगाच नसता, तर ह्याला मारू द्यायचं व्हतं का?"

कुणीतरी शेण फेकले. ते बाईंच्या पदरावर पडले. त्यांनी पदर झटकला आणि बसून राहिल्या. फौजदारांनी नोकरी घालवण्याचा दम दिला. बाई म्हणाल्या, "घालवा. मंग तालुक्याला जाऊन मॅजिस्ट्रेटसमोर हेच सांगायला मी मोकळी." ऊन उतरू लागले, तशी गर्दीतली एक म्हातारी ओरडली, "अरं, न्या की त्याला दवाखान्यात! मरंन तो!" मग आणखी चारजण बोलले. अखेर जीप आली. तो माणूस तिच्यात आडवा पडून गेला. त्याने कुणाकडेच पाहिले नाही.

जालन्याला त्याची भाषा समजणारा कुणी भेटला, तेव्हा कळले की तो बंगाली होता. घरदार जळाल्यावर पळून आलेला, निर्वासितांच्या छावणीतून भरकटलेला. ज्यांच्यासाठी आपण लढत होतो, त्यांच्यापैकीच एक. पुढे त्याचे काय झाले, ते आम्हाला कधीच समजले नाही. फौजदारांचे काही बिघडले नाही. बाईंची मात्र केदारखेड्याला बदली झाली.

बाई सामान बांधत असताना रामराव आले. मी तिथेच होतो. "बाई, माणूस बेकसूर निघाला. तुमचं बराबर व्हतं."

"रामराव, तो खरंच हेर असता, तरी माझं बराबरच असतं. हे पटतं का तुम्हाला?"

"तेवढं न्हाई पटत," रामराव म्हणाले. माणूस खोटे बोलला नाही, याचे मला आजही कौतुक वाटते.

"मंग कशाला आलात?" बाई थकल्या आवाजात म्हणाल्या आणि दोरी आवळू लागल्या.

युद्ध संपल्यावर मिलिंद सुटीवर आला. एस.टी. स्टँडवरच त्याला सगळे ऐकवले गेले होते. "आये, खरं हाय का?" त्याने विचारले. "खरं हाय." तो जेवला, झोपला. सकाळी आईच्या दवाखान्यात पाणी भरून देऊन गेला. या विषयावर मायलेकांत याहून जास्त बोलणे झाले नाही, असे बाई सांगतात.

आणीबाणीत पोरे कोठडीतून लंगडत परत येऊ लागली. तेव्हा तर युद्धही नव्हते. बाई आता केदारखेड्याच्या चौकीच्या दारात गेल्या, पुन्हा तेच सांगितले. या वेळी ऐकणारे पहिल्याहून कमी होते. त्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलेला होतो. परतताना विचारले, "बाई, थकत नाही तुम्ही?"

"लई थकले, मास्तर. पण मारणारे थकून न्हाई ना राह्यले."

बाईंचे गुडघे आता फार दुखतात. त्यांना दीर्घायुष्य लाभो, दुखणे सरो, ही आपणा सर्वांची इच्छा आहेच. पण नुसत्या इच्छेने त्यांना विसावा मिळणार नाही. म्हणून या ग्रंथाच्या वाचकांना माझी एक विनंती आहे. यापुढे कुठल्या बंद दाराआडून कुणाचे ओरडणे तुमच्या कानी आले, तर यमुनाबाईंना बोलवायला धावू नका. स्वतः जा आणि पायरीवर बसा. बाईंना निवांत झोपू द्या.