कुंकवाखालचा दिवा

बाळकुमच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सर्व्हर तपासायला तो एकदाच आला. कोपरहून आलेला, पन्नाशीचा माणूस. नाव विचारायचं राहूनच गेलं. बॅग उघडायच्या आधी तो मशीनसमोर उकिडवा बसला आणि पुढच्या बाजूचे बारीक दिवे नुसते बघत राहिला, आजारी माणसाजवळ बसावं तसा. मग ओल्या रुमालाने एका डिस्कवरचं कुंकू त्याने हळूच पुसलं. दसऱ्याच्या पूजेला ते मीच लावलेलं, भरपूर. त्याखाली नारिंगी दिवा लुकलुकत होता.

"ताई, ही डिस्क कधीच गेलीय. सगळं दुसरीवर चाललंय. तीही गेली असती, तर पेशंटचे रिपोर्ट गेले असते."

तो रागावला नाही. त्याने डिस्क बदलली, हिरवा दिवा लागला. मग त्यानेच कुंकवाची डबी मागितली आणि वरच्या कोऱ्या पत्र्यावर बोट टेकवलं.

"पूजा करा की. फक्त दिवे सोडून. मशीनला बोलायला दुसरं तोंड नाही."

हल्ली सकाळी आल्यावर मी आधी दिवे बघते. पत्र्यावरचं ते कुंकवाचं बोट अजून पुसलेलं नाही.